चारित्र्य चांगले असून मयत

आशा दिलवरसिंग पावरा हिची आरोग्य सेविका या पदावर निवड झाली आणि खापरच्या पुढच्या एका उपकेंद्रात तिला पोस्टिंग मिळालं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही असं समजा. असं काही झालेलंच नाही. आमच्या ऑफिसात ही सोय आहे. एखादी गोष्ट होऊन गेली, तरी ती झाली नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि खाली सह्या केल्या, की ती झालेली नसते. तीन वर्षांत ही सोय वापरताना मी बऱ्याच जणांना पाहिलं. आशाच्या वडिलांना, दिलवरसिंगला, पाहिलं त्या दिवशी मात्र मिरची बाजाराकडून वारा येत होता आणि अख्खं ऑफिस शिंकत होतं. त्यामुळे कोणाच्या डोळ्यांत पाणी कशामुळे आलं याबद्दल काही नक्की सांगता येणार नाही.

मी गोपाल. नंदुरबारला एका मोठ्या सरकारी खात्याच्या भरती कक्षात कॉम्प्युटर चालवतो. कंत्राटी. म्हणजे माझी स्वतःची निवड कुठेच झालेली नाही, पण बाकीच्यांची झाली की सगळ्यांत आधी मला कळतं. घर तापीकाठी. वडील केळी लावतात आणि पाहुण्यांना सांगतात, "आमचा गोपाल सरकारी नोकऱ्या देतो." ते खोटं नाही. स्वतःला सोडून सगळ्यांना देतो.

शेजारच्या टेबलावर धुडकू आप्पा, वरिष्ठ लिपिक. फार वर्षांपूर्वी आप्पांचा एक कागद पडताळणीत टिकला नाही. माणूस मात्र टिकला. मग त्यांच्यासाठी अधिसंख्य पद निर्माण झालं. अधिसंख्य म्हणजे असं, की मंजूर पदांत जागा नाही, पण माणूस तर समोर बसलाय, त्याचं करायचं काय, म्हणून त्याच्यापुरती हवेतून काढलेली जागा. तीही अकरा महिन्यांची. अकरा महिने संपले की एक दिवस आप्पा नसतात आणि दुसऱ्या दिवशी परत असतात. नसतात त्या दिवशीही ते वेळेवर येतात. फक्त पंखा लावत नाहीत.

यंदा आरोग्य सेविकांच्या चाळीस जागांसाठी अठराशे अर्ज आले. छाननी मी आणि आप्पांनी केली. फोटोच्या जागी एकीने बैलाचा फोटो चढवला होता. बैल पासपोर्ट साइज होता, पार्श्वभूमी पांढरी होती, आणि दोन्ही कान दिसत होते. आप्पा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. म्हणाले, "नियममा बठस." शेवटी त्रुटी काढली ती सहीत.

या सगळ्यात आशा पावराचा अर्ज आला. तोरणमाळच्या अलीकडच्या एका पाड्यावरची, गुणवत्ता यादीत तिसरी. दहावी, बारावी, नर्सिंग, जातवैधता, आधार, सगळं एका सुतात. आप्पांनी तिची फाइल मुद्दाम वर ठेवली, उदबत्तीशेजारी.

पोस्टिंग देण्याआधी आम्ही गावातून चारित्र्याचा अहवाल मागवतो. बाकी एकोणचाळीस जणींचे अहवाल एकसारखे आले. आशाचा अहवाल पाड्याचे पोलीस पाटील उदेसिंग यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला होता:

'सदर उमेदवार आशा दिलवरसिंग पावरा हिचे चारित्र्य चांगले असून ती दोन वर्षांपूर्वी मयत झाली आहे. तिच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही.'

सोबत गुजरातमधल्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स.

"गोपाल, आठे ये," आप्पा म्हणाले. "हाई वाच. पोर मरेल शे."

"आप्पा, ती काल माझ्याशी फोनवर बोलली. बुधवारी येतेय पडताळणीला."

"कागदवर मरेल शे. फोनवर कोन्ही बी बोलस."

मी कॉम्प्युटरवर शेरा टाकायला गेलो. तिथे तीनच पर्याय होते: पात्र, अपात्र, गैरहजर. 'मयत' नव्हता. 'मयत असून हजर' तर नव्हताच. मी तो रकाना रिकामा ठेवला आणि तो लाल होऊन लुकलुकायला लागला.

बुधवारी ती आली. सडपातळ, पंचविशीची, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. मागे वडील, दिलवरसिंग. खांद्यावर टॉवेल, पायातल्या चपला हातात. चपला काढून यायचं ऑफिस नाही हे त्यांना मी सांगितलं, तर त्यांनी त्या पायात घातल्या आणि खोलीच्या बाहेर, व्हरांड्यात खिडकीपाशी उभे राहिले.

आप्पांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू जित्ती शे ना?"

"हो सर."

"मंग हाऊ दाखला कोनना?"

तिने झेरॉक्स पाहिली. दाखल्यावरच्या नावावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. "माझ्या मोठ्या बहिणीचा."

"तिनं नाव?"

"आशा."

"आनि तुनं?"

"आशा."

आप्पांनी चष्मा काढला. "दोन पोरी, येकच नाव? पाडावर नावं सरी गयी व्हती का?"

मी हसलो. ती हसली नाही. खिडकीतून दिलवरसिंग म्हणाले, "नाव मोठीचं, साहेब. ही नानी."

मग जे कळलं ते असं.

आशा सहा वर्षांची असताना पाड्यावरच्या आश्रमशाळेचे सुपडू गुरुजी आले आणि तिचं नाव लिहून घेऊन गेले. दिवाळीपर्यंत ती शाळेत गेली. दिवाळीनंतर घरचे गुजरातेत ऊस तोडायला निघाले. अंगावरचा भाऊ लहान, फडात त्याला सांभाळायला कोणीतरी हवं, म्हणून आशाला बरोबर नेलं. धाकटी नानी, वय पाच, काकाकडे राहिली. आठवड्याभरात शाळेत पटपडताळणी आली. कागदावर जेवढी मुलं तेवढी बाकावर हवीत. सुपडू गुरुजी मोटारसायकल घेऊन पाड्यावर आले, नानीला टाकीवर बसवलं आणि आशाच्या जागेवर नेऊन ठेवलं. आजच्या दिवसापुरती.

साहेबांनी हजेरी घेतली. "आशा दिलवरसिंग!" नानी गप्प. गुरुजींनी तिला चिमटा काढला. ती "हजर" म्हणाली, आणि पट भरला.

आजचा दिवस कोणी संपवलाच नाही. होळीला आई-बाप परत आले तेव्हा नानी पाटीवर घर, गवत, गाय लिहीत होती. आशा तिच्या शेजारी जाऊन बसली. हजेरीवर आशा एकच होती. गुरुजी म्हणाले, जूनमध्ये नीट करू. जूनमध्ये पट परत भरायचा होता. ज्या मुलीचं नाव होतं तिला फडात जायचं होतं आणि जी जात नव्हती तिला नाव नव्हतं. मोठीच शेवटी म्हणाली, राहू दे, तिला बसायची सवय झाली आहे.

पुढे मोठी फडातून आली की शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची, पदरात बोरं किंवा मोहाची फुलं घेऊन. आत हजेरी सुरू असायची. "आशा दिलवरसिंग!" नानीला त्या नावाला ओ द्यायला नेहमी थोडा उशीर व्हायचा. तेवढ्यात बाहेरून मोठी ओरडायची, "हजर!"

मग गुरुजी म्हणायचे, "बाहेरची आशा गप्प बैस. आतली आशा बोल."

असं बरीच वर्षं चाललं. नानीची दहावी झाली, बारावी झाली, नर्सिंग झालं, सगळं आशाच्या नावावर. मोठी ऊस तोडत राहिली. दोन वर्षांपूर्वी फडात उसाची ट्रॉली उलटली. तिथल्या दवाखान्यात दिलवरसिंगला विचारलं, मुलीचं नाव काय? त्यांनी मुलीचं नाव सांगितलं.

मोठीला स्वतःच्या नावाचा मिळालेला हा पहिला कागद. आधार कॅम्प पाड्यावर आला तेव्हाही ती फडातच होती.

"गुरुजी कोठे शेत आते?" आप्पांनी विचारलं. त्यांना कोणावर तरी रागवायचं होतं.

"वारले," नानी म्हणाली.

"त्यांचा दाखला त्यांच्याच नावाचा निघाला का?" मी विचारलं. मला असं सुचतं. त्याला मी काही करू शकत नाही.

आप्पांनी दार लावून घेतलं आणि खरं सांगितलं तर काय होईल ते सांगितलं. दहावीपासूनचा प्रत्येक कागद दुसरीच्या नावावर घेतलेला. सगळे रद्द. नोकरी गेली, नर्सिंग गेलं, गुन्हा दाखल होईल तो वेगळाच. नानी या नावाने तिच्याजवळ एक कागद नाही, म्हणजे ती पंचवीस वर्षांची अशिक्षित बाई होईल, तीही सिद्ध करता आली तर. आणि काही सांगितलं नाही, तर ती मेलेली आहेच.

"दोन पोरी व्हत्यात," आप्पा हळूच म्हणाले. "येक मरनी. कोन मरनी हाई बाप सांगी. बाप सांगी, ती मरनी."

म्हणजे दिलवरसिंगने लिहून द्यायचं की वारली ती नानी. निवड समितीसमोर तोंडानेही तसंच सांगायचं. ग्रामपंचायतीने ठराव करायचा, गुजरातेतून दाखला दुरुस्त करून आणायचा. दाखल्यावर नानी मेली की कागदावर आशा एकच उरते, जिवंत, चारित्र्य चांगले.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी केला. मसुदे मला जमतात. 'मला दोन मुली होत्या, पैकी धाकटी नानी ही ऊसतोडीच्या ठिकाणी अपघातात मयत झाली. दुःखाच्या भरात मी दवाखान्यात थोरल्या मुलीचे नाव चुकून सांगितले.' 'दुःखाच्या भरात' हे माझं. थोडी भावना घातली की मसुदा वरच्या टेबलावर अडकत नाही.

मी तो वाचून दाखवला. दिलवरसिंगने सगळा ऐकला. मग म्हणाले, "मोठीजवळ एकच कागद आहे, साहेब. तोही हिला दिला तर मोठी कुठं राहील?"

"काका, कागद नसलेलं बरं," मी म्हणालो. "पडताळणी लागत नाही."

कोणी हसलं नाही. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून पंखा एकवर केला, मग परत तीनवर. त्या वाक्याची आठवण झाली की मी अजूनही कुठलातरी पंखा कमी-जास्त करतो.

दिलवरसिंगने अंगठा नाही लावला, सही केली. सही त्यांना मोठीने शिकवली होती, फडात, राखेवर. दिवाळीपर्यंत शाळेत गेली होती, तेवढ्यातून तिला जे आलं होतं ते तिने बापाला देऊन टाकलं होतं.

ठरावाला महिना लागला, गुजरातेतल्या दाखल्याला अडीच. तोवर आप्पांनी तिची फाइल दर आठवड्याला ढिगाच्या तळाशी सरकवली. फाइल हरवली नाही आणि सापडलीही नाही, हे कौशल्य वीस वर्षांच्या नोकरीशिवाय येत नाही. मधे आप्पांचे अकरा महिने संपले. एक दिवस ते नव्हते. त्या दिवशीही फाइल त्यांनीच सरकवली.

मग समितीचा दिवस आला. मोठ्या मॅडम अध्यक्ष. मॅडम वाईट नाहीत. त्यांना रकाने भरायचे असतात, आणि रिकामा रकाना पाहिला की त्यांना झोप लागत नाही. समोर नानी, तिच्या शेजारी खुर्चीच्या कडेवर दिलवरसिंग. कोपऱ्यात मी, टाइप करायला. दारात आप्पा, अधिसंख्य.

"दिलवरसिंगजी, कागद मी पाहिलेत," मॅडम म्हणाल्या. "फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. दोन मुलींपैकी कोणती वारली?"

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला. मॅडमनी पुन्हा विचारलं. वाऱ्याबरोबर मिरची आली, आप्पा शिंकले.

"मॅडम," दिलवरसिंग म्हणाले, "ती ट्रॉलीखाली होती. मी हाक मारली. आशा म्हणून मारली. तिने ओ दिली. दोन वेळा दिली. नानी म्हणून मारली असती तर तिने दिली नसती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. खिडकीकडे बघितलं. मग पेन पुन्हा उचललं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. "मला समजतंय. पण मला इथे एक नाव लिहायचंय."

"नानी मेली, मॅडम," नानी म्हणाली. आवाज अगदी नीट. इंजेक्शन देताना, दुखणार नाही म्हणून सांगतात, तसा.

"तू नाही. त्यांनी सांगायचं."

दिलवरसिंग खुर्चीत वळले. मुलीकडे पाहिलं. आणि म्हणाले, "नानी."

मॅडमनी लिहिलं. मी टाइप केलं. ते उत्तर होतं, की जाताना शेवटची मारावी तशी हाक होती, हे मला अजून कळलेलं नाही. टिपणीत उत्तर म्हणून नोंद आहे.

नानीने ओ दिली नाही. ओठ हलले होते. मी समोरच होतो.

दुपारी पोस्टिंग. हॉलमध्ये भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा, रिकाम्या जागांवर लाल टिकल्या. गुणवत्तेप्रमाणे नाव पुकारायचं, उमेदवाराने उठून टिकली निवडायची. तीनदा पुकारून कोणी उठलं नाही तर गैरहजर, आणि जागा प्रतीक्षा यादीला. पुकारायचं काम माझं. माझा आवाज चांगला आहे, गणपतीत माइकवर मीच असतो.

पहिली झाली. दुसरी झाली.

"आशा दिलवरसिंग पावरा!"

ती पहिल्या रांगेत बसली होती. माझ्यापासून चार हातांवर. उठली नाही.

"आशा दिलवरसिंग पावरा!"

तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती खिडकीकडे बघत होती. आप्पांनी दारातून मला हाताने खूण केली, सावकाश. मी पाणी प्यायलो. कागद खाली पाडला, उचलला. सगळं करून झालं. नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा पुकारल्याशिवाय मला पुढे जाता येत नव्हतं आणि पुकारल्यावर मागे येता येत नव्हतं.

"आशा दिलवरसिंग..."

"हजर!"

आवाज खिडकीबाहेरून आला. व्हरांड्यात दिलवरसिंग गज धरून उभे होते. सबंध हॉल वळून बघायला लागला.

"बाहेरच्यांनी बोलू नये," मॅडम म्हणाल्या.

मग आतली आशा उठली.

नकाशापाशी जाऊन तिने तोरणमाळकडची टिकली काढली नाही. घराजवळची ती एकच जागा होती आणि तिथे जायला कोणी तयार नसतं, ती घेतली असती तर मॅडमनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. तिने खापरच्या पुढची घेतली, पार गुजरातच्या हद्दीजवळची.

"घर लांब पडेल," मी हळूच म्हणालो.

"दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या तिथून जातात, भाऊ," ती म्हणाली. "गाडी थांबवून तपासणी करता येते. पोरींची नावं लिहून घेईन. जिची तिची."

मी शेरा टाकला. पात्र. तो लाल रकाना साडेतीन महिन्यांनी हिरवा झाला. कॉम्प्युटरवर एक छोटी चांदणी उमटते, ती उमटली. बाहेर व्हरांड्यात कोणी पेढे वाटत होतं, कोणाचे ते माहीत नाही. दिलवरसिंगने एक घेतला, टॉवेलच्या टोकात बांधला. मग परत गेले आणि अजून एक मागून घेतला.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एक अर्ज टाइप केला. नमुना आमच्याच फाइलमधून घेतला, आप्पांच्या. आप्पांनी चष्मा लावून तो वाचला. दोनदा वाचला.

"हाई कोन मंजूर करी?"

"कोणी नाही, आप्पा."

"मंग नीट लिख," आप्पा म्हणाले, आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. पुढचं आम्ही दोघांनी मिळून लिहिलं आहे.

विषय: मुलीचे एक अधिसंख्य पद निर्माण करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, श्री. दिलवरसिंग पावरा यांच्या घरी 'आशा' या नावाचे एकच पद मंजूर असून, त्यावर सद्यस्थितीत त्यांची धाकटी मुलगी कार्यरत आहे. थोरल्या मुलीची शाळेतील जागा, तिचे नाव व तद्नंतर तिचा मृत्यू हे वेळोवेळी धाकट्या मुलीकडे वर्ग करण्यात आल्याने, थोरल्या मुलीकडे आजमितीस काहीही शिल्लक नाही. तिच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही. तिचे चारित्र्य चांगले असल्याचा अहवाल या कार्यालयाच्या अभिलेखात आहे.

सबब, तिच्याकरिता आशा याच नावाचे एक अधिसंख्य पद, अकरा महिन्यांची अट शिथिल करून, निर्माण करण्यात यावे. त्या पदावर तिला शाळेच्या पहिल्या दिवसापासून पूर्वलक्षी प्रभावाने हजर दाखवण्यात यावे. आणि यापुढे खिडकीबाहेरून तिने ओ दिल्यास ती ग्राह्य धरण्यात यावी, अशी विनंती आहे.